आईची गिनी

आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत एक गिनी निघाली. आम्ही तिघी बहिणी. थोरल्या अक्काला ती आठवण म्हणून ठेवायची होती आणि आम्हा दोघींचा हिस्सा ती पैशात देणार होती. म्हणजे किंमत काढणं आलं. एका सराफानं नुसती बघूनच सांगितलं, "जुनं सोनं आहे, अठरा कॅरेट धरा." किंमत कमी धरली तर फायदा अक्काचाच होता. तरी तीच म्हणाली, "थांबा गं, नीट बघू."

आपण जिला गिनी म्हणतो ते इंग्रजांचं सॉव्हरिन नाणं. एका अंगाला राजाचा किंवा राणीचा चेहरा, दुसऱ्या अंगाला बहुतेक वेळा घोड्यावरचा वीर आणि खाली ड्रॅगन. खरी गिनी 22 कॅरेटची असते, नवी असताना वजन 7.98 ग्रॅम. वापरानं थोडी झिजते. आमची भरली 7.95 ग्रॅम.

आता हिशोब. वजनाला 22 नं गुणायचं आणि 24 नं भागायचं. आमचं आलं 7.29 ग्रॅम शुद्ध सोनं. त्याला त्या दिवशीच्या 24 कॅरेटच्या एका ग्रॅमच्या भावानं गुणायचं. भाव बहुधा दहा ग्रॅमचा सांगतात, तेव्हा आधी दहानं भागा. सोपं जावं म्हणून ग्रॅमला 10,000 रुपये धरू. झाले 72,900. अठरा कॅरेटनं तेच 59,600 होतात. नुसत्या एका शब्दावर तेरा हजारांचा फरक!

पण गिनी खरी कशावरून? कसोटीवर घासलं तर वरवरचंच कळतं. आम्ही हॉलमार्किंग केंद्रात मशीनवर तपासून कागद घेतला. "वितळवून बघू" म्हणणाऱ्याच्या हातात मात्र देऊ नका, एकदा वितळलं की नाणं गेलं. कधी सोनं खरं आणि छाप नकली असाही प्रकार निघतो. तेव्हा सोन्याचे पैसे मिळतात, नाण्याचे नाहीत. माळेत ओवायला कडी डाकलेली असेल तर वजनात कडी आणि डाकही येतो. त्याची घट सराफानं धरली तर ती रास्त आहे. माळेतल्या पुतळ्यांचं आणखी वेगळं. मूळ पुतळी व्हेनिसचं नाणं, साडेतीन ग्रॅमच्या आसपास आणि जवळजवळ शुद्ध. पण सोनारांनी तशाच पुतळ्या पुष्कळ घडवल्या, म्हणून एकेक तपासावी लागते.

आमच्या गिनीवर साल होतं 1918, आणि त्याच्या वर, घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर इंग्रजी 'आय' हे बारीक अक्षर. ती मुंबईच्या टाकसाळीची खूण. भाच्यानं लगेच लाखांच्या गोष्टी सुरू केल्या. पण त्या साली मुंबईत अशी सुमारे तेरा लाख नाणी पडली होती! जुनं म्हणजे दुर्मिळ नव्हे. काही सालांना नाणी जमवणारे सोन्यापेक्षा जास्त देतात, म्हणून विकण्याआधी दोघा नाणेवाल्यांना दाखवावं. तोवर राख, चिंच, टूथपेस्ट काही लावू नका. घासलेल्या नाण्याचा भाव उतरतो.

आमच्या गिनीला सोन्याच्या भावावर फार काही मिळणार नव्हतं. अक्कानं त्या दिवशीच्या भावानं तीन वाटे केले, आमचे दोन वाटे दिवाळीपर्यंत दोन हप्त्यांत चुकते केले, आणि मशीनचा कागद गिनीसोबत त्याच लुगड्यात ठेवला.