ओहोटी बघून धावायचं: कार्डिओची सुरुवात कशी करावी?

आजचा भाग कार्डिओवर. हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी बोललो ते जवळपास तसंच खाली देतोय.

आधी माझी फजिती सांगतो. मी सॉफ्टवेअरवाला, गुहागरात घरून काम करतो. आमच्या घराकडे यायला चिऱ्याची पाखाडी आहे. गेल्या वर्षी अर्धं पोतं नारळ घेऊन ती चढलो आणि वर आल्यावर तोंडातून शब्द फुटेना. वय 28! उरलेलं अर्धं पोतं घेऊन बाबा मागून आले आणि विचारतात, "काय रे, काय झालं?" म्हणजे त्यांना बोलता येत होतं.

मग काय, दुसऱ्याच दिवशी नवे शूज, नवं ॲप आणि किनाऱ्यावरच्या कोरड्या वाळूत जीव खाऊन धाव. चौथ्या मिनिटाला पोटात कळ आली. दुसऱ्या दिवसापासून नडग्या अशा ठणकल्या की नऊ दिवस घरीच.

चूक कुठे झाली? वेगात. हृदय हा पंप आहे. त्याला नियमित, झेपेल असं काम दिलं की तो हळूहळू एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतो. मग बसल्या जागी त्याला कमी ठोके पुरतात. पण हे आठवड्यांचं काम आहे, एका सकाळचं नाही. आणि दम सुधारतो त्यापेक्षा हाडं आणि स्नायुबंध सावकाश तयार होतात. माझ्या नडग्या त्यामुळेच बोंबलल्या.

वेग किती ठेवायचा? '220 वजा वय' हे कमाल ठोक्यांचं सूत्र सगळ्यांना माहीत असतं, पण तो नुसता अंदाज आहे. माणसामाणसात 10-12 ठोक्यांचा फरक सहज पडतो. त्यापेक्षा सोपी कसोटी: चालता-धावताना पूर्ण वाक्य बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही? मग वेग बरोबर आहे. वाक्यसुद्धा तुटायला लागलं की हळू व्हा. जागतिक आरोग्य संघटना अशा मध्यम व्यायामाची आठवड्याला किमान 150 मिनिटं सांगते. रोज अर्धा तास, पाच दिवस. भरभर चालणंही त्यात धरलं जातं, बरं का.

मी पुन्हा सुरू केलं ते असं: एक मिनिट हळू धावणं, दोन मिनिटं चालणं, आठ वेळा. आठवड्यातून तीनदाच. मधल्या दिवशी नुसतं चालणं.

आणि किनारा असलेल्यांनो, कोरड्या वाळूत चालायलाच कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त शक्ती लागते. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू धरा. मी आधी रोज सकाळी सहाचा गजर लावला होता, अगदी सर्व्हरवर जॉब लावावा तसा. पण ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते! या सोमवारी सहाला ओहोटी असेल, तर पुढच्या सोमवारी त्याच वेळी भरती. आता फोनमध्ये भरती-ओहोटीचं वेळापत्रक आहे. किनारा उतरता असतो, म्हणून गेलो त्याच वाटेने परत येतो. नाहीतर एकाच पायावर जास्त ताण.

एक गोष्ट मात्र गंमतीत घेऊ नका. छातीत दाब, चक्कर, हातात किंवा जबड्यात कळ आली तर तिथेच थांबा आणि लगेच डॉक्टर गाठा. बीपी, शुगर किंवा हृदयाचा त्रास आधीपासून असेल तर सुरू करण्याआधीच विचारा.

तीन महिन्यांत माझी सकाळची नाडी 82 वरून 73 वर आलीये. भरतीच्या दिवशी पाखाडीच चढतो, रिकाम्या हाताने. परवा बाबा म्हणाले, "चढतोच आहेस तर नारळ घेऊन ये ना."