मोहाचे मद्य आणि लहान भट्टीचे गणगोत

गेल्या पन्नास वर्षांत जगातील अनेक देशांत मद्यनिर्मितीच्या व्यवसायात एक उलटा प्रवाह सुरू झालेला दिसतो. एकोणिसाव्या शतकापासून हा व्यवसाय घर, मठ आणि गावची खाणावळ यांच्याकडून मोठ्या कारखान्यांकडे गेला. वाफेचे यंत्र, बर्फाचे यंत्र आणि रेल्वे यांनी हे स्थलांतर शक्य केले. एकाच चवीची लाखो पिंपे दूरदूरच्या शहरांत पोहोचू लागली आणि गावोगावच्या लहान मद्यशाळा बंद पडत गेल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र काही माणसे पुन्हा लहान भांड्यांकडे वळली. या माणसांनी आरंभ कसा केला आणि त्यांच्याभोवती निष्ठावंत ग्राहकांचा परिवार कसा जमला, हे समजून घेणे उद्बोधक आहे. त्याहून उद्बोधक गोष्ट अशी की, हाच प्रश्न आज जबलपूरच्या पूर्वेकडील डोंगराळ प्रदेशात, अगदी वेगळ्या परिस्थितीत, आदिवासी स्त्रियांपुढे उभा आहे.

परदेशातील आरंभ

इंग्लंडमध्ये १९७१ साली चार मित्रांनी एक संघटना स्थापन केली. पिंपातच मुरत राहणारी जुन्या पद्धतीची बिअर नाहीशी होत होती आणि तिच्या जागी कारखान्यात गाळून, वायू भरून पाठवलेली बिअर येत होती. या बदलाविरुद्ध ग्राहकांनीच चालवलेली ही चळवळ होती. तिने स्वतः मद्य तयार केले नाही. तिने चवीची जाण असलेला ग्राहकवर्ग तयार केला. पुढे ज्या लहान मद्यशाळा निघाल्या त्यांना हा ग्राहक आयताच मिळाला.

अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात संपूर्ण दारूबंदी होती. ती उठल्यानंतरही घरी बिअर करण्यास कायद्याची मुभा नव्हती. ती देणारा कायदा १९७८ साली संमत झाला. त्या सुमारास सबंध देशातील मद्यशाळांची संख्या शंभराच्या आत आली होती. आज ती नऊ हजारांहून अधिक आहे. घरच्या चुलीवर प्रयोग करणारे हौशी लोक आपापल्या गावी मंडळे स्थापून एकमेकांच्या बिअरची चव घेत, दोष दाखवत आणि कृती सांगत. पुढच्या मद्यशाळांचे चालक आणि त्यांचे पहिले गिऱ्हाईक, दोन्ही याच मंडळांतून पुढे आले.

तथापि केवळ आवड पुरेशी नसते. जॅक मॅकऑलिफ हा नौदलातून निवृत्त झालेला तरुण स्कॉटलंडमध्ये असताना तेथील बिअरच्या प्रेमात पडला. १९७६ साली त्याने कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे जुन्या दुग्धशाळांतील टाकाऊ भांडी जोडून एक लहान मद्यशाळा उभारली. तिची कीर्ती झाली, दुरून माणसे ती पाहण्यास येऊ लागली. पण तिची भांडी इतकी लहान होती की, होणाऱ्या विक्रीतून खर्च निघेना, आणि वाढीसाठी कर्ज मिळेना. १९८२ साली ती बंद पडली. लहान मद्यशाळेला दोन गोष्टी लागतात, असा या उदाहरणाचा अर्थ होतो. जिव्हाळ्याचा परिवार ही पहिली आणि खर्च भागेल इतके उत्पादन ही दुसरी. एकीवाचून दुसरी फार काळ टिकत नाही.

महाराष्ट्रात हे वारे २००९ साली पुण्यात आले. त्या वर्षी तेथे ‘दूलाली’ ही देशातील आरंभीच्या लहान मद्यशाळांपैकी एक सुरू झाली. नाशिकजवळच्या देवळाली येथील लष्करी छावणीच्या नावावरून इंग्रजीत जो शब्द रूढ झाला, तोच तिने आपल्या नावासाठी घेतला. अशा मद्यशाळेत ग्राहकाला आपल्या पेल्यातील बिअर ज्या टाकीत तयार झाली ती टाकी समोर दिसते, करणाऱ्याशी बोलता येते. नाव-गाव माहीत असलेल्या माणसाच्या हातची वस्तू आपण घेतो, ही भावना तेथील निष्ठेचे मूळ होय.

मोहाचे झाड आणि त्याचे फूल

आता आपण जबलपूरकडे वळू. हे शहर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते, तेव्हापासून तेथे मराठी माणसांचा वावर आहे. जबलपूरहून नर्मदेच्या उगमाच्या दिशेने निघाले म्हणजे प्रथम मंडला आणि पुढे दिंडोरी हे जिल्हे लागतात. दिंडोरी हा १९९८ साली मंडल्यातून वेगळा झालेला जिल्हा आहे. गोंड आणि बैगा यांची येथे मोठी वस्ती आहे. साल वृक्षाच्या या प्रदेशात शेताच्या बांधावर आणि जंगलाच्या कडेला मोहाची विस्तीर्ण झाडे उभी दिसतात. शेतासाठी जंगल तोडतानाही मोहाचे झाड राखले जाते; त्याची मालकी घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालते.

मार्च-एप्रिलमध्ये पानगळ झाल्यावर मोह फुलतो. फुले मांसल, फिकट पिवळसर आणि उग्र गोड वासाची असतात. ती रात्री उमलतात आणि पहाटे गळून पडतात. उजाडण्यापूर्वीच बायका आणि मुले टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची पद्धत आहे. तिच्यापायी जंगलाला वणवे लागतात, म्हणून अलीकडे झाडाखाली जाळी बांधून फुले झेलण्यास उत्तेजन दिले जाते. जाळीत पडलेल्या फुलांना माती लागत नाही, हा दुसरा लाभ. उन्हात वाळल्यावर फूल तांबूस तपकिरी होते आणि मनुक्यासारखे दिसते. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखर असते. दुष्काळात याच फुलांनी माणसे जगवली आहेत. मद्य हा त्यांचा एकमेव उपयोग नव्हे.

मोहापासून मद्य करणे झोपडीतही का शक्य होते, याचे उत्तर या साखरेत आहे. बिअर सातूपासून होते. सातूच्या दाण्यात साखर नसून पिष्ट असते. दाणे भिजवून, मोड आणून, वाळवून आणि मग ठरावीक उष्णतेच्या पाण्यात ठेवून त्या पिष्टाची साखर करावी लागते. मोहाच्या फुलात साखर तयारच असते. फुले पाण्यात भिजत घातली म्हणजे फुलांवरचे व हवेतले सूक्ष्म किण्व ती साखर खाऊ लागतात. साखरेचे मद्यार्क आणि कर्बवायू यांत रूपांतर होते. काही दिवसांनी बुडबुडे थांबतात. या आंबलेल्या फुलांना विदर्भात ‘सडवा’ म्हणतात.

पुढची पायरी गाळण्याची. मद्यार्क ७८ अंश सेल्सियसच्या सुमारास उकळतो, पाणी १०० अंशांना. म्हणून मंद आचेवर सडव्याची जी वाफ प्रथम निघते तिच्यात मद्यार्काचे प्रमाण अधिक असते. मडक्याचे तोंड मातीने लिंपून ती वाफ बांबूच्या नळीतून थंड पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या मडक्यात नेतात. तेथे ती निवून थेंबाथेंबाने द्रव होते. मराठीत ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग याच क्रियेतून आला. सुरुवातीची धार सर्वांत कडक असते. परंतु अगदी आरंभीच्या अंशात काही उग्र आणि अपायकारक द्रव्येही असतात. जाणती बाई वासावरून आणि चवीवरून ती ओळखते. कारखान्यात ती मोजून वेगळी काढली जातात. कौशल्य दोन्हीकडे आहे, फक्त मोजमाप एकीकडे आहे.

अबकारीची शंभर वर्षे

या मद्याचा आणि ते करणाऱ्यांचा संबंध इंग्रज राजवटीने तोडला. मद्यावरील कर हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन होते. घरोघरी गाळलेल्या दारूवर कर बसवता येत नाही. म्हणून गाळण्याचा हक्क मक्तेदारांकडे आणि पुढे मोठ्या सरकारमान्य भट्ट्यांकडे देण्यात आला. मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा झाला. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत नुसती मोहफुले जवळ बाळगण्यावरही निर्बंध घातले. ज्या झाडाखाली आजी-पणजीने फुले वेचली, त्याच झाडाखालचे फूल गुन्ह्याचा पुरावा ठरू लागले.

मंडल्याच्या डोंगरात १९३२ साली व्हेरिअर एल्विन हा इंग्रज गृहस्थ आणि त्याचा मराठी सहकारी शामराव हिवाळे यांनी वास्तव्य केले व गोंड सेवा मंडळाची स्थापना केली. पुढे त्यांचे बिऱ्हाड पाटणगढ या गावी होते. ते आज दिंडोरी जिल्ह्यात येते. आदिवासींनी दारू सोडावी, असा त्या काळच्या गांधीवादी कार्यकर्त्यांचा आग्रह होता. एल्विनला तो पटला नाही. मोहाचे मद्य या समाजात जन्म, सोयरीक, मृत्यू आणि देवकार्य यांच्याशी जोडलेले आहे. देवाला आणि पितरांना चार थेंब जमिनीवर सांडल्याशिवाय विधी पूर्ण होत नाही, हे त्याने पाहिले होते. एल्विन आणि त्याचे प्रतिपक्षी यांच्यातील हा वाद अद्याप मिटलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने दारूबंदीचे उद्दिष्ट मार्गदर्शक तत्त्वांत घातले. दुसरीकडे मध्य प्रदेशात आदिवासी कुटुंबांना स्वतःच्या उपयोगापुरते मद्य गाळण्याची मर्यादित मोकळीक राहिली. १९९६ च्या कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांकडे मादक पदार्थांच्या विक्रीचे व सेवनाचे नियमन करण्याचा अधिकार आणि गौण वनोपजाची मालकी सोपवली. परंतु विक्रीचा हक्क गाळणाऱ्या हातांना मिळाला नव्हता. घरी गाळणे चालेल, बाजारात नेणे गुन्हा, अशी ही स्थिती होती.

दिंडोरीतील प्रयोग

२२ नोव्हेंबर २०२१ रोजी मध्य प्रदेशाचे तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी मंडला येथे जाहीर केले की, मोहाच्या मद्याला ‘वारसा मद्य’ म्हणून मान्यता दिली जाईल. २०२२-२३ च्या अबकारी धोरणात त्याचा समावेश झाला. प्रयोगासाठी पश्चिमेकडील अलीराजपूर आणि पूर्वेकडील दिंडोरी हे जिल्हे निवडले गेले. निर्मितीचा परवाना आदिवासींच्या बचत गटांना द्यावयाचा होता. पुण्याच्या वसंतदादा साखर संस्थेत गटांच्या सभासदांना प्रशिक्षण मिळाले. अलीराजपूरचे मद्य ‘मोंड’ या नावाने आणि दिंडोरीचे ‘मोहुलो’ या नावाने बाटल्यांत भरले गेले. पर्यटन महामंडळाच्या निवासांतून त्याची विक्री करण्याची योजना आखली गेली.

या प्रयोगाला शेजारची उदाहरणे होती. गोव्यात काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ साली तिला राज्याचे वारसा पेय म्हणून स्थान मिळाले. पालघर जिल्ह्यातील डहाणू येथे एका पारशी कुटुंबाच्या भट्टीत मोहाचे मद्य गाळण्याची परंपरा इंग्रजी अमलापासूनची आहे. तिने २०२४ साली आपले मोहाचे मद्य नव्या स्वरूपात बाजारात आणले. तथापि डहाणूची भट्टी एका कुटुंबाची आहे, तर दिंडोरीत फूल वेचणारी स्त्री आणि मद्याची मालकीण एकच असावी, असा संकल्प आहे.

त्याचे महत्त्व समजण्यासाठी मोहफुलांचा व्यापार पाहावा. एप्रिलमध्ये घरात पैसा नसतो आणि फूल साठवण्यास जागा नसते. म्हणून ते तेव्हाच व्यापाऱ्याला विकले जाते आणि पावसाळ्यात गरज पडल्यावर तेच फूल चढ्या भावाने विकत घ्यावे लागते. २०२० साली मध्य प्रदेश शासनाने मोहफुलांचा आधारभूत भाव किलोला ३५ रुपये ठरवला. परंतु भाव कितीही ठरवला, तरी फुलाचे मद्य होताना जी किंमत वाढते ती वेचणाऱ्याच्या वाट्याला येत नव्हती. ती यावी, हा या सर्व खटाटोपाचा गाभा आहे.

दोन परिवार

आपला मूळ प्रश्न येथे वेगळ्या रूपात उभा राहतो. पुण्याच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या लहान मद्यशाळेला परिवार नव्याने जमवावा लागला. दिंडोरीत परिवार आधीच आहे. मोहाला मानणारी गावेच्या गावे आहेत. पण मोहुलोची बाटली त्यांच्यासाठी नाही. काच, चाचणी, वाहतूक यांचा खर्च चढवलेली बाटली गावच्या माणसाला परवडणार नाही, आणि त्याला तिची गरजही नाही. त्याचे मद्य त्याच्या घरी आहे. बाटली घेणार ते शहरातील अनोळखी माणसे, ज्यांनी आजवर मोहाला ‘गावठी’ म्हणून नाक मुरडले. म्हणजे जुना परिवार दुखावू न देता नवा परिवार जोडणे, असे हे दुहेरी काम आहे. बाटलीला वारसा म्हणून मान मिळाला आणि घरच्या मडक्याकडे मात्र संशयाने पाहिले जाऊ लागले, तर हा वारसा कोणाचा, असा प्रश्न गावकरी विचारतीलच.

याहून अवघड बाजू दुसरी आहे. बचत गटांच्या स्त्रिया मद्य गाळू लागल्या, तर इतर असंख्य स्त्रिया अनेक वर्षे दारूविरुद्ध लढत आल्या आहेत. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली जी दारूबंदी आली तिच्यामागे लोकांचे, विशेषतः स्त्रियांचे आंदोलन होते. चंद्रपूरमध्ये २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली ती उठली. नवऱ्याच्या व्यसनापायी ज्या घरात संध्याकाळी चूल पेटत नाही, त्या घरातील बाईला वारशाच्या गोष्टी सांगणे सोपे नाही. सणाला समूहाने घेतलेले मद्य आणि मजुरीच्या पैशातून रोज घेतलेले मद्य यांत फरक आहे, हे खरे. पण हा फरक आपोआप टिकत नाही. तो राखण्याचे काम ग्रामसभेला करावे लागते. मध्य प्रदेशात त्यासाठीचे नियम १५ नोव्हेंबर २०२२ रोजी लागू झाले आहेत.

जगातील लहान मद्यशाळांच्या अनुभवावरून दिंडोरीसाठी काही निष्कर्ष काढता येतात. उत्पादन खर्च भागण्याइतके मोठे, पण वेचणाऱ्या हातांच्या आवाक्यातून न निसटणारे असावे. प्रत्येक वेळी चव आणि शुद्धता सारखी राहावी, कारण एका वाईट बाटलीने गेलेला विश्वास जाहिरातीने परत येत नाही. ग्राहकाला गाव, झाड आणि गाळणाऱ्या हातांची ओळख व्हावी. आणि या सर्वांच्या आधी, भट्टीच्या हिशेबाची वही गटातील प्रत्येक बाईला वाचता यावी. शासनाची घोषणा भट्टी उभारून देऊ शकते. पुढच्या एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली वाकलेल्या बाईला त्या भट्टीतून काय मिळाले, हे त्या वहीतच दिसेल.