संपादकाला हवा असलेला दस्तऐवज

सी प्लस प्लस ही संकलित भाषा असल्यामुळे तिच्या आज्ञावलीचा अर्थ केवळ समोरच्या फाइलीवरून पुरता उलगडत नाही. हेडर फाइली कोठे ठेवल्या आहेत, प्रमाण 2017 चे मानावयाचे की 2020 चे, कोणते मॅक्रो बाहेरून पुरविले जातात, हा सारा तपशील कंपायलरला दिलेल्या हुकुमातच नमूद असतो. म्हणूनच व्हिम अथवा निओव्हिम या संपादकाला क्लँगडी हा भाषा-सर्व्हर जोडणारे प्लगिन बसविले, तरी तो हुकूम त्याच्या हाती पडत नाही तोवर निर्दोष ओळींवरही चुकांच्या खुणा उमटतात, आणि नवशिका मनुष्य प्लगिनला बोल लावतो, हा माझ्या मते अन्याय होय. आज्ञावलीच्या बांधणीची व्यवस्था लावणाऱ्या सीमेक या साधनात ‘सीमेक एक्स्पोर्ट कंपाइल कमांड्स’ हा पर्याय चालू केला, की (मेकफाइल व निंजा या पद्धतींपुरतेच) प्रत्येक फाइलीचे हुकूम ‘कंपाइल कमांड्स’ नावाच्या जेसन फाइलीत उतरतात. क्लँगडी ती फाइल उघडलेल्या फाइलीच्या वरच्या फोल्डरांत आणि त्यांतील ‘बिल्ड’ या फोल्डरात धुंडाळतो. रंगसंगती व कळांच्या रचनेला हात घालण्यापूर्वी वाचकांनी ही फाइल जागेवर असल्याची खातरजमा अवश्य करावी.