संजीवकातला हार्मोन आपल्या अंगात काय करतो?

आजचा प्रश्न असा: संत्र्यावर हार्मोन फवारतात, मग ते संत्रं खाऊन आपले हार्मोन बिघडतात का?

आधी बाटलीत काय असतं ते बघू. वरूड-मोर्शीकडे संत्र्याची फळगळ थांबवायला जिबरेलिक ॲसिड मारतात, १०० लिटर पाण्यात साधारण दीड ग्रॅम. पराटी नुसतीच उंच वाढायला लागली की क्लोरमेक्वाट, म्हणजे आपलं लिहोसीन, नाहीतर मेपिक्वाट. या सगळ्यांना आपण संजीवकंच म्हणतो, पण काम उलटं आहे. जिबरेलिक ॲसिड हा झाडाचा हार्मोन. क्लोरमेक्वाट तो हार्मोन झाडाला बनवूच देत नाही, म्हणून शेंडा थांबतो.

हार्मोन म्हणजे मेसेज. तो वाचणारा रिसेप्टर असला तरच काम होतं. जिबरेलिनचा रिसेप्टर झाडात असतो, माणसात नाही. त्यामुळे ‘संत्र्यातल्या हार्मोननं पाळी बिघडते’ वाला फॉरवर्ड डिलीट करा.

क्लोरमेक्वाटला मात्र ही सूट नाही, कारण ते हार्मोन नाही, रसायन आहे. उंदरांवरच्या आणि डुकरांवरच्या काही अभ्यासांत प्रजननावर परिणाम दिसला, काहींत दिसला नाही. अमेरिकेत २०२४ साली आलेल्या अभ्यासात ९६ पैकी सुमारे ८० टक्के लोकांच्या लघवीत ते सापडलं. प्रमाण तिथल्या मर्यादेपेक्षा कमी होतं. साधारण दिवसभरात ते शरीराबाहेरही पडतं.

मग जास्त डोस कुणाला? खाणाऱ्यापेक्षा फवारणाऱ्याला. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक जीव गेले. ते कीटकनाशकांचं विष होतं, हार्मोनचं नाही. पण अंगात शिरायचा रस्ता तोच: कातडी आणि श्वास. आणि आपल्याकडे संजीवक बरेचदा कीटकनाशकासोबत एकाच पंपात जातं.

म्हणून घरी एवढं सांगा. द्रावण हातानं ढवळायचं नाही. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा. वाऱ्याच्या दिशेनंच फवारत जायचं. फवारणीचे कपडे वेगळे धुवायचे. घरात कुणी गरोदर असेल तर तिला पंप भरायला, ते कपडे धुवायला लावायचं नाही. लेबलवर घटक नसलेलं ‘टॉनिक’ कृषी केंद्रात परत करायचं.

आणि आज रात्री बाबांच्या बाटलीच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. कुणाला चक्कर आली, उलटी झाली, तर डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात: काय फवारलं होतं?