आवाज फाटतो कुठं?

साउंडवाल्यांच्या बोलीत वाईट आवाजाला एकच क्रियापद आहे: फाटणं. "बेस फाटून राहिला", "टॉप फाटला", "कमी कर, फाटते." आमच्या बुलडाणा जिल्ह्यात घाटावर चिखली-मेहकरला असो की घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याला, तालुक्यागणिक बोली जरा बदलते, हे क्रियापद बदलत नाही. पुस्तकात याला विरूपण म्हणतात. मला फाटणं जास्त बरं वाटतं, कारण ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर आवाजाची लाट बिघडली की ती खरंच कात्रीनं कापल्यासारखी दिसते.

शौकीन मंडळी ज्याला हाय-एंड पॉवर अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात, ज्याची किंमत लाखांत असते आणि ज्याला उचलायला दोन माणसं लागतात, त्याच्या पोटात काय असतं हे या लेखात बघायचं आहे. पण सुरुवात देवळाच्या कळसाजवळ बांधलेल्या भोंग्यापासून केलेली बरी. आमच्या पिढीची अ‍ॅम्प्लिफायरशी ओळख झाली ती हरिनाम सप्ताहात. मारुतीच्या देवळात कोपऱ्यातल्या लाकडी पेटाऱ्यावर दिल्लीच्या अहुजाचं मशीन, पुढे माइक आणि तिथून वेशीपर्यंत गेलेली वायर. त्याला अ‍ॅम्प्लिफायर कोणी म्हणत नसे. मशीनच.

त्या मशीनमध्ये एक हुशारी होती. १०० वॅट ८ ओहमच्या स्पीकरला द्यायचे तर सुमारे २८ व्होल्ट आणि साडेतीन अ‍ॅम्पिअर लागतात. एवढा करंट दोनशे मीटर बारीक वायरीतून पाठवला तर बरीचशी ताकद वायर तापवण्यातच जाईल. म्हणून मशीनमधला ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज १००पर्यंत चढवतो, करंट एकाच अ‍ॅम्पिअरवर येतो आणि त्याच वायरीतलं नुकसान साडेबारा पटींनी घटतं. भोंग्याच्या बुडाशी दुसरा छोटा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज पुन्हा उतरवून घेतो. महावितरणच्या तारा ज्या तत्त्वावर शेतातून जातात, त्याच तत्त्वावर काकडा गावभर जातो. आवाज पत्र्यासारखा येतो हे खरं, पण शब्द कळतो आणि भोंग्याचं काम तेवढंच.

मशीन बंद पडलं की तालुक्याच्या दुकानात. "मशीन जयली (जळली) ना भाऊ," म्हणत सप्ताहाचा कार्यकर्ता मोटरसायकलवरून ते पोत्यात बांधून आणायचा. दुकानदार आधी झाकण उघडून वास घेई. मग मशीन सिरीज बोर्डाला लावी, म्हणजे मेन्सच्या वाटेत १०० वॅटचा बल्ब. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट. मग मल्टिमीटरची पीप-पीप आणि निदान: आउटपुट ट्रान्झिस्टर गेला. हा बहुधा २एन३०५५ असे, अमेरिकेच्या आरसीए कंपनीनं १९६०च्या दशकात आणलेला. पत्र्याची टोपी घातलेला, दोन स्क्रूंनी अ‍ॅल्युमिनियमला आवळलेला, खाली अभ्रकाची चकती आणि पांढरी पेस्ट. ६० व्होल्ट, १५ अ‍ॅम्पिअर, ११५ वॅट हे आकडे मला शाळेतल्या सनावळीआधी पाठ झाले होते. रेझिस्टरला रेजिस्टन्स आणि कपॅसिटरला कंडेन्सर म्हणायची सवयही त्याच बाकड्यावरची.

आता महागडं मशीन उघडू. पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की आतला नकाशा ओळखीचा आहे. सुरुवातीला दोन जुळे ट्रान्झिस्टर, मग व्होल्टेज वाढवणारा एक, मग ड्रायव्हर, शेवटी आउटपुटच्या जोड्या. तीन पायऱ्यांची ही मांडणी एच. सी. लिन यांच्या १९५६च्या सर्किटपासून सुधारत आली आहे आणि खामगावात दुरुस्तीला येणारं मशीन असो की परदेशातलं नावाजलेलं, सांगाडा बहुतेक वेळा तोच. मग लाख रुपये कशाचे? आवाज तीन ठिकाणी फाटतो. किंमत त्या तीन ठिकाणांची आहे.

वरचं फाटणं सगळ्यांना माहीत आहे. ८ ओहमला १०० वॅट म्हणजे लाटेचं शिखर ४० व्होल्टांवर. आत अधिक-उणे ४५ व्होल्टांचा पुरवठा असेल तर ४० सुखानं निघतात. पण वरातीत कोणी बटण पुढे ढकललं आणि ६० मागितले, तर ४५च्या छताला डोकं आपटतं आणि लाटेचा माथा सपाट होतो. आमच्याकडे छतही हलतं, ही वेगळी गंमत. शिवारात मोटारी सुरू झाल्या आणि २३०चे १८० व्होल्ट झाले, की ४५चे ३५ होतात, आणि ताकद व्होल्टेजच्या वर्गानं घटत असल्यानं १०० वॅटचं मशीन ६० वॅटचं उरतं. साउंडवाला बिचारा बटण आणखी पुढे सारतो.

मधलं फाटणं पुरवठ्याचं, आणि हाय-एंडचं खरं वजन इथं आहे. उन्हाळ्यात आमच्याकडे नळ आठवड्यानं येतो, कधी त्याहून उशिरा. घर चालतं ते टाकीवर. अ‍ॅम्प्लिफायरचंही तसंच. मेन्सची लाट ब्रिज रेक्टिफायरमधून गेली की सेकंदाला १०० वेळा नळ येतो, तोही दोन-तीन मिलिसेकंदच. उरलेला वेळ कंडेन्सर नावाच्या टाकीवर काढायचा. टाकी १०,००० मायक्रोफॅरडची असेल आणि ५ अ‍ॅम्पिअर उपसा असेल, तर दोन नळांच्या मध्ये पातळी चारेक व्होल्टांनी उतरते, आणि तेवढंच छत खाली येतं. टाकी चौपट केली की उतार एका व्होल्टावर येतो. म्हणून महागड्या मशीनमध्ये डब्यांएवढे कंडेन्सर रांगेनं उभे असतात आणि शेजारी भाकरीच्या चवडीसारखा गोल टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर. याचं चुंबकीय क्षेत्र चौकोनी पट्ट्यांच्या ट्रान्सफॉर्मरपेक्षा बाहेर कमी सांडतं, म्हणून स्पीकरमधली घुंग कमी.

घुंग पुरी जाते ती मात्र वायरिंगनं. कंडेन्सर भरताना अर्थच्या (अर्थिंगच्या) तारेतून करंटचे मोठे ठोके जातात. इनपुटची अर्थ त्याच तारेला मध्येच कुठं जोडली, तर ते ठोके पखवाजाच्या मागं गुणगुणत राहतात. सगळ्या अर्था एकाच बिंदूला आणायच्या, आणि तो बिंदू कंडेन्सरच्या ठोक्यांच्या वाटेत ठेवायचा नाही. याला एक रुपया जास्त लागत नाही. तरी निम्मी घरगुती मशीनं इथंच नापास होतात. माझी पहिली दोन झाली होती.

आता तळाचं फाटणं, ज्याबद्दल वरातीत कोणी बोलत नाही. लाटेचा वरचा अर्धा भाग ट्रान्झिस्टरची एक फळी ढकलते, खालचा दुसरी. दोन बायका एका जात्यावर दळतात तसं. एकीनं खुंटा सोडला आणि दुसरीनं अजून धरला नाही, तर जातं हिसका खातं. तसाच हिसका लाट शून्यातून जाताना बसतो. मोठ्या आवाजात तो बुडून जातो, बारीक आवाजात बोचतो. आणि आपण ऐकतो ते बारीकच. साध्या घरगुती स्पीकरला १ वॅट दिला तर मीटरभर अंतरावर सुमारे ८८ डेसिबल येतात. खोलीत निवांत ऐकायला ७५ पुरतात, म्हणजे एका वॅटाचा विसावा भाग! ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे; आमच्या वराती कुठं असतात ते सांगायला नको. रात्री दहाला भोंगे थांबले, कुत्री निजली, आणि आपण भीमसेन जोशींचा अभंग लावला, की अख्खं मशीन वॅटाच्या या विसाव्या भागात वावरत असतं. नेल्सन पास या अमेरिकन डिझायनरनं आपल्या छोट्या कंपनीचं नावच 'फर्स्ट वॅट' ठेवलं आहे.

उपाय म्हणजे दोघींनीही थोडा वेळ खुंटा धरून ठेवायचा. याला बायस म्हणतात. आउटपुटच्या ०.२२ ओहमच्या सिमेंट रेजिस्टन्सवर मल्टिमीटर लावायचा आणि बारक्या पेचकसानं प्रिसेट फिरवत २० ते २५ मिलीव्होल्ट आणायचे. अर्धा तास थांबायचं, मशीन तापू द्यायचं, पुन्हा बघायचं. ट्रान्झिस्टर एका अंशानं तापला की त्याला लागणारं व्होल्टेज २ मिलीव्होल्टांनी घटतं. बायस तेवढाच राहिला तर करंट वाढतो, करंटानं तो आणखी तापतो, आणि दहा मिनिटांत मशीन जयते. म्हणून बायस सांभाळणारा छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकला, म्हणजे ताप बाहेर टाकणाऱ्या धातूला, चिकटवलेला हवा, त्याला आउटपुटचा ताप कळला पाहिजे. स्वस्त मशीनमध्ये तो बोर्डावर लांब बसलेला असतो, किंवा बायसच इतका कमी ठेवतात की जळायची भीती नको. मशीन वाचतं, अभंग खरखरतो.

दोघींनी सगळा वेळ पूर्ण जोर लावायचा, ही क्लास ए. हिसक्याचा प्रश्नच संपतो, वीजबिलाचा सुरू होतो. ८ ओहमला २५ वॅट देणारं क्लास ए मशीन एका चॅनलला किमान ६० वॅट फुंकत बसतं, गाणं लावा अथवा न लावा. जॉन लिन्सली हूड यांनी १९६९ साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात दिलेलं १० वॅटचं क्लास ए सर्किट जगभरचे हौशी लोक आजही बांधतात. मीही बांधलं. बुलडाण्याच्या थंडीत त्याच्यापाशी बसायला बरं वाटतं. मे महिन्यात मलकापूरला लावायची माझी छाती नाही.

तापाचं गणित हा या धंद्यातला कडक सासरा आहे. आज मोठ्या मशीनमध्ये सर्रास दिसणारी तोशिबाच्या २एससी५२०० आणि २एसए१९४३ची जोडी कागदावर १५० वॅटची. पण ते ट्रान्झिस्टरचा खोका २५ अंशांवर असताना. खोका १०० अंशांवर गेला की तोच ट्रान्झिस्टर ६० वॅटचा होतो. टिनाच्या मंडपात आधीच ४५ अंश. म्हणून एका चॅनलला एक जोडी पुरत असताना चांगला डिझायनर तीन घालतो.

आणि ती जोडी खरी असेल तर! माझ्या तिसऱ्या मशीनसाठी मी एका मोठ्या शहराच्या बाजारातून चार जोड्या आणल्या होत्या. छपाई चकचकीत, भाव निम्मा. तेव्हाच कळायला हवं होतं. पहिल्याच जोरदार थापेला फट्ट झालं आणि स्पीकरचा पडदा बाहेर येऊन तसाच थिजला: ४५ व्होल्टांचा सरळ पुरवठा ६ ओहमच्या कॉइलवर, म्हणजे साडेतीनशे वॅटांच्या आसपासची शेगडी. मेलेला ट्रान्झिस्टर हातोडीनं फोडला. आतली सिलिकॉनची चकती खऱ्याच्या निम्मीही नव्हती. सुरू करताना तीन सेकंदांनी "टक" वाजणारा रिले कशासाठी असतो ते त्या दिवशी कळलं. आउटपुटवर असा सरळ पुरवठा (डीसी) दिसला की तो स्पीकर तोडून देतो. त्यानंतर मी रिलेशिवाय मशीन बांधलेलं नाही.

हे सगळं करूनही थोडं फाटणं उरतंच. ते शिवायची युक्ती हॅरॉल्ड ब्लॅक या इंजिनिअरला २ ऑगस्ट १९२७ रोजी कामावर जाताना हडसन नदीवरच्या बोटीत सुचली. हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्यानं आकृती काढली. आउटपुटचा लहान अंश परत आणून इनपुटशी ताडून बघायचा आणि फरक वजा करायचा. गवंडी प्रत्येक थराला ओळंबा लावतो तसं. सुरुवातीचे जुळे ट्रान्झिस्टर हेच काम करतात. पण ओळंबा झुलायचा थांबण्याआधी गवंड्यानं वीट सरकवली तर भिंत नागमोडी जाते. अ‍ॅम्प्लिफायरही असाच कानाला न ऐकू येणारी किंचाळी मारू लागतो. म्हणून मधल्या ट्रान्झिस्टरवर १०० पिकोफॅरडच्या आसपासचा कंडेन्सर लावून त्याला मुद्दाम सावकाश करतात. फार सावकाश केलं तर टाळांची धार बोथट होते. किंचाळीचा पुरावा दुरुस्तीवाल्याला लगेच सापडतो: आउटपुटजवळचा १० ओहमचा रेजिस्टन्स काळा पडलेला असतो.

क्लास डीबद्दल थोडक्यात. ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतो, नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज कामी येते, मशीन हलकं होतं. नेदरलँड्सच्या हायपेक्ससारख्यांनी मोजमापांत जुन्या मशीनना मागे टाकलं आहे. माझी तक्रार एवढीच, की तांदळाच्या कणीएवढे सुटे भाग आमच्या तालुक्याच्या बाकड्यावर बदलता येत नाहीत. एक भाग गेला की अख्खा बोर्ड गेला.

किंमत जास्त म्हणजे आवाज जास्त चांगला, असं मी म्हणणार नाही. १९८५ साली बॉब कार्व्हर या अमेरिकन डिझायनरनं आपलं स्वस्तातलं मशीन काही दिवस खटपट करून एका अतिमहाग मशीनसारखं जुळवलं, आणि 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या जाणत्या कानांना फरक सांगता आला नाही. ट्रान्सफॉर्मर, टाकी, हीटसिंक, खरे ट्रान्झिस्टर आणि नीट लावलेला बायस यांच्यापुढचे पैसे बरेचसे पुढच्या जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचे असतात.

या दिवाळीत मशीन घ्यायला दुकानात गेलात तर दुकानदार आवाज वाढवून दाखवेल. त्याला कमी करायला सांगा. इतका, की तंबोरा जेमतेम ऐकू यावा. मग स्पीकरला कान लावा आणि पंखा बंद करायला सांगा.