मोकळे कुत्रे आणि मुलांचे अंगण

यंदा व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा बोनस, ठेकेदारी किंवा नव्या श्रमसंहिता यांपैकी कशावर तरी आम्ही बोलू अशी त्यांची समजूत होती. आम्ही "कुत्री" असे उत्तर दिले. ते हसले, आणि सभेच्या दिवशी श्रोतेही हसले. परंतु गेल्या वर्षभरात आमच्या वसाहतीत जितकी डोकी या एका विषयावर तापली, तितकी पगारवाढीच्या कराराच्या वेळीही तापलेली आम्ही पाहिली नाहीत. आमचे आयुष्य सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या फाटकांवर गेले. शाळा दहावीच्या अलीकडेच सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने आणि तडजोडीच्या बैठकांनी दिले. तेव्हा पशुवैद्य किंवा वकील या नात्याने नव्हे, तर भांडणे मिटवण्याचा धंदा केलेला माणूस या नात्याने आम्ही हे सांगत आहो.

हा प्रश्न आजकालचा आहे असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः मुंबईत पहिली कापडगिरणी निघण्याच्या वीसएक वर्षे आधी, जून १८३२ मध्ये, या शहरात मोठा दंगा आणि हरताळ झाला तो कुत्र्यांवरून. इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला होता. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान. मृताच्या अंत्यविधीतही त्याची दृष्टी पडावी लागते. दुकाने बंद झाली, कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीचा शिधा अडला, आणि इतर धर्मांचे व्यापारीही पारशांना येऊन मिळाले. संपाचा इतिहास सांगताना आम्ही मंडळी गिरणीच्या भोंग्यापासून सुरुवात करतो. त्याआधी मुंबईने कुत्र्यांसाठी बाजार बंद ठेवला होता हे आम्हांलाही फार उशिरा कळले. सांगण्याचा हेतू एवढाच, की या वादात दोन्ही बाजूंना भावना आहेत आणि दोन्ही जुन्या आहेत. एका बाजूला माणुसकी आणि दुसऱ्या बाजूला खुळचटपणा, अशी वाटणी करून चालत नाही.

आमच्या वसाहतीत चार इमारती आणि मध्ये एक अंगण आहे. अंगण म्हणजे काय, तर दोन घसरगुंड्या, एक मोडका झोपाळा आणि क्रिकेटची एक खेळपट्टी. संध्याकाळी तिथे चाळीसएक पोरे असतात. त्याच वेळी एक निवृत्त गृहस्थ आपला मोठा तपकिरी कुत्रा पट्टा सोडून फिरवीत. पलीकडच्या इमारतीतल्या एक बाई वसाहतीतल्या पाच भटक्या कुत्र्यांना घसरगुंडीशेजारी भात घालीत. दोघेही सज्जन. तरी भांडण पेटले, आणि ते पेटवणारे वाक्य अगदी साधे होते : "तो काही करत नाही हो!"

हे वाक्य खोटे नसते. तो कुत्रा घरात मालकाच्या नातवाशेजारी झोपतो. परंतु मालक जे सांगतो ते स्वतःच्या घरातले; आणि आई पाहते ते अंगणातले. कुत्र्याच्या स्वभावाचा एक भाग धावत्या वस्तूमागे धावण्याचा आहे. मूल धावते, किंचाळते, पडते, हात वर करते. आणि मोठ्या कुत्र्याच्या जबड्याची उंची पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडाइतकीच असते. म्हणूनच लहान मुलांना चावे मानेवर आणि चेहऱ्यावर अधिक होतात. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश, हाही एक गैरसमजच. बावरलेला कुत्राही शेपूट हलवतो.

आम्ही त्या गृहस्थांना कारखान्यातली गोष्ट सांगितली. १९४८ च्या कारखाने कायद्यात २१ वे कलम होते : यंत्राचे धोक्याचे फिरते भाग झाकलेले असावेत. आमच्या तरुणपणी मालक म्हणत, "हे मशीन वीस वर्षे चालते आहे, कोणाला खरचटलेही नाही." आम्ही म्हणत असू, साहेब, जाळी बसवली म्हणजे मशीन वाईट ठरत नाही. कुत्र्याचा पट्टा ही तशीच जाळी आहे. गृहस्थ स्वतः टर्नर होते. त्यांना हे चटकन पटले. राग मात्र गेला नाही. कारण दुसऱ्या बाजूच्या एकाने त्यांना भर सभेत "कुत्रा विका, नाहीतर घर विका" असे म्हटले होते.

हे म्हणणे बेकायदा होते हे येथे सांगितले पाहिजे. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, बहुमताचा ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. त्याच सूचनांत मालकाने सामायिक जागेत कुत्रा पट्ट्याला बांधून न्यावा असाही सल्ला आहे. उलट पक्षी, आपल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी हयगयीने न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाप्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. दोन्ही पक्ष आपापल्या सोयीचा अर्धा कागद खिशात घेऊन फिरत होते. कामगार खात्याच्या बैठकांतही नेहमी हेच दिसते.

भटक्या कुत्र्यांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. २००१ च्या आणि पुढे २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांचा गाभा असा, की कुत्रे पकडावे, त्याची नसबंदी करावी, रेबीजची लस टोचावी, ओळखीसाठी कानाला खाच पाडावी आणि जिथून आणले तिथेच सोडावे. पुष्कळ लोकांना हा वेडेपणा वाटतो. त्यामागची कल्पना अशी, की एक टोळी नाहीशी केली तर उकिरडा तसाच राहतो आणि त्यावर शेजारची, लस न टोचलेली टोळी येऊन बसते. अर्थात नसबंदी पुरेशा कुत्र्यांची झाली तरच हे साधते. आणि नगरपालिका तिथेच कमी पडतात, हे आमचे स्पष्ट मत आहे. तिसऱ्या पाळीहून रात्री पायी घरी येणाऱ्या कामगाराला विचारा. तो या नियमांबद्दल काय म्हणतो ते येथे छापता येणार नाही.

सर्वोच्च न्यायालयातही हीच ओढाताण झाली. ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातली सर्व भटकी कुत्री निवाऱ्यांत डांबावीत आणि परत सोडू नयेत असा आदेश झाला; २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची लस व नसबंदीनंतर परत सोडावीत असे ठरवले; आणि ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतली कुत्री हलवून पुन्हा तिथे न सोडण्याचा आदेश दिला. प्रत्येक आदेशाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात एक पक्ष पेढे वाटी आणि दुसरा दार लावून घेई.

२०२३ च्या नियमांतला आमच्या उपयोगाचा भाग मात्र कोणीच वाचला नव्हता. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा रहिवाशांच्या संस्थेने परस्परसंमतीने ठरवावी; ती मुलांच्या खेळाच्या जागेपासून, जिन्यांपासून आणि ये-जा करण्याच्या दारांपासून दूर असावी; वेळही मुलांचे आणि वृद्धांचे फिरणे पाहून ठरवावी. म्हणजे बाईंना भात घालण्यास मनाई नव्हती, पण घसरगुंडीशेजारचा भात नियमाविरुद्ध होता.

हे सारे वाचून होईपर्यंत एक गोष्ट घडून गेली होती. दुसरीतल्या एका मुलाच्या पिंढरीवर भटक्या कुत्र्याचा दात लागला, आणि त्याने दोन दिवस घरी सांगितले नाही. का, तर मोठी माणसे पुन्हा भांडतील आणि अंगणाला कुलूप लावतील. त्याने जखमेवर चुना लावला होता. सांगणाऱ्या पोराचे वय सात. आम्ही त्या दिवशी सभेत बोलू शकलो नाही.

म्हणून येथे थोडे विस्ताराने सांगतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही; परंतु लक्षणे दिसण्याआधी आठवडे, बहुधा दोन-तीन महिने, जातात आणि त्या अवधीत लस काम करते. १८८५ साली पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला वाचवले ते याच अवधीच्या बळावर. चावा मेंदूच्या जितका जवळ, तितका हा अवधी कमी. चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, हळद, तिखट काही भरू नये. आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत वेगळे प्रतिविषही द्यावे लागते. आमच्या लहानपणी पोटात चौदा इंजेक्शने घेत, आणि त्या भीतीने मुले चावा लपवीत. ती लस देशात केव्हाच बंद झाली. सरकारी दवाखान्यात आता दंडाच्या कातडीत, पहिल्या, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी टोचतात. त्या मुलाला तिसऱ्या दिवशी नेले. तो बरा आहे. दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवली. तोही बरा राहिला.

त्यानंतर तडजोड एका बैठकीत झाली. पाच ते साडेसात अंगण मुलांचे. पाळीव कुत्रा सामायिक जागेत सदैव पट्ट्याला. मोकळे धावायचे तर सकाळी सहाला, पाण्याच्या टाकीमागच्या कुंपण घातलेल्या पट्टीत. भात रात्री दहाला, मागच्या भिंतीपाशी. पाचपैकी तीन कुत्र्यांच्या कानाला खाच होती. उरलेल्या दोघांसाठी महापालिकेकडे अर्ज, त्यावर सही बाईंची आणि त्या मुलाच्या आईची. अर्जाचे उत्तर यायला सात आठवडे लागले. आणि लहानथोर सर्वांना एक कलम तोंडपाठ : चावा सांगणाऱ्या मुलाला कोणी रागवायचे नाही आणि अंगण बंद करायचे नाही.

हा कागद आता लिफ्टशेजारी लावलेला आहे. त्यावर एकोणचाळीस सह्या आहेत. चाळिसावी त्या टर्नर गृहस्थांची. ते पट्टा न चुकता लावतात, पण "घर विका" म्हणणाऱ्याने माफी मागेपर्यंत सही करणार नाहीत, आणि त्यांच्यासाठी आम्ही ती जागा कोरी ठेवली आहे.