उन्हाळा आणि घरातील मासे

बालरोगतज्ज्ञाकडे मुले येतात ती ताप, खोकला, जुलाब यांसाठी. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या इंदुरातील एक सात वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला तो मात्र निराळ्याच कारणाने. चार दिवस तो धड जेवत नव्हता आणि रात्री दचकून उठत होता. तपासणीत काही आढळले नाही. शेवटी आजींनी हळूच सांगितले, "डॉक्टरसाहेब, याचे मासे गेले हो." त्यावर तो एवढेच म्हणाला, "काका, मी बर्फ टाकला म्हणून मेले ना?"

दुपारी मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करीत होते. त्यांना उकडत असेल, असे वाटून त्याने फ्रीजमधील बर्फाचे दोन ट्रे पेटीत रिकामे केले. संध्याकाळपर्यंत चारही गोल्डफिश मरून पडले होते.

त्याला प्रामाणिक उत्तर द्यायचे तर मलाच शरीरक्रियाशास्त्राची उजळणी करणे भाग होते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी व दवाखान्यात मत्स्यपेट्या असतात, म्हणून ती उजळणी येथे मांडतो.

मासा हा शीतरक्ताचा प्राणी. जे पाण्याचे तापमान, साधारणतः तेच त्याच्या शरीराचे. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याच्या चयापचयाचा वेग सुमारे दुप्पट होतो आणि प्राणवायूची गरजही तशीच वाढते. नेमका त्याच वेळी पाण्यातील प्राणवायू घटतो. २० अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसात आणि ३५ अंशांना जेमतेम ७. मागणी वाढते आणि पुरवठा आटतो. शिवाय माशांच्या उत्सर्गातून व उरलेल्या अन्नातून निर्माण होणाऱ्या अमोनियाचा विषारी अंशही उष्णतेबरोबर वाढत जातो.

सर्व मासे सारखे नसतात. गोल्डफिशला १८ ते २४ अंश मानवतात. गप्पी, मॉली, एंजल यांना २४ ते २८. फायटर व गुरामी यांना हवेतून श्वास घेण्याचे खास इंद्रिय असते. ते अधूनमधून वर येतात ते स्वाभाविकच. इतर मासे मात्र पृष्ठभागाशी धापा टाकू लागले किंवा कल्ल्यांची झाकणे भराभर हलू लागली, तर तो श्वासावरोध समजावा. बाळाचे श्वास आपण मिनिटभर मोजतो, तसेच माशाचेही मोजता येतात. एरवीचा वेग ठाऊक असला, की वाढ चटकन लक्षात येते. पेटीत वनस्पती असतील तर पहाटेही पाहावे. रात्रभर त्याही प्राणवायू घेत असल्याने तो पहाटे सर्वांत कमी असतो.

उपायांचा क्रमही आपल्या परिचयाचाच आहे: आधी श्वास, मग ताप. एअर पंप लावावा. पाण्याची पातळी दोनेक इंच उतरवली तर फिल्टरचे पाणी उंचावरून पडून अधिक हवा मिसळते. दिवे बंद करावेत, हीटर बंद आहे ना हे पाहावे आणि त्या दिवशी खाद्य देऊ नये. निरोगी मोठ्या माशाला एक दिवसाचा उपवास सहज सोसतो.

त्यानंतर पेटीचे झाकण काढून, वर जाळी टाकून, टेबलफॅनचा वारा पाण्यावरून जाईल असा लावावा. तत्त्व आपल्या माठाचेच. शंभर लिटर पाण्यातून एक लिटर पाण्याची वाफ होताना जी उष्णता खर्च होते, ती सर्व त्याच पाण्यातून घेतली गेली तर ते पाच-सहा अंशांनी निवेल. बाहेरून उष्णता येतच राहते, म्हणून प्रत्यक्षात उतार त्याहून कमी पडतो. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय उत्तम लागू पडतो, गोव्यातील दमट हवेत तितका नाही.

आटलेल्या पाण्याची भर घालताना दुपारी गच्चीवरील टाकीचे तापलेले पाणी घेऊ नये. आदल्या दिवशी बादलीत भरून सावलीत ठेवलेले पाणी वापरावे. त्यातील क्लोरीनही बव्हंशी उडून जातो.

बर्फ थेट टाकू नये. तापमान एकदम उतरले की माशाला धक्का बसतो. गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली पेटीत तरंगत ठेवावी आणि तासाभरात एक अंशाहून अधिक उतार पडू लागल्यास काढून घ्यावी. याकरिता पेटीत तापमापक हवाच. वीज गेली तर बॅटरीवरचा पंप लावावा. तो नसल्यास मगाने पाणी काढून उंचावरून पुन्हा ओतत राहावे.

उन्हाळ्यापूर्वीच पेटी पश्चिमेच्या खिडकीपासून हलवावी आणि गर्दी असल्यास मासे कमी करावेत. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता पेटीतून काढलेल्या पाण्यात धुवावा, म्हणजे अमोनिया पचविणारे जीवाणू टिकून राहतात.

राहिला त्या मुलाचा प्रश्न. "मासेच तर होते, नवे आणू," असे घरातील मोठी माणसे त्याला चार दिवस सांगत होती. ते त्याचे उत्तर नव्हते. मी म्हणालो, "बर्फ टाकण्याआधीच ते गुदमरत होते. बर्फाने त्यांना आणखी त्रास झाला असेल, हेही खरे. पण ते तुला कोणी शिकवले नव्हते, आणि त्यांना त्रास होतो आहे हे घरात फक्त तुलाच दिसले." तो बराच वेळ रडला. त्या रात्री तो पोटभर जेवला, असे आजींनी दुसऱ्या दिवशी फोनवरून कळविले. मी औषध काहीच दिले नव्हते.